घरातलं एकमेव बाथरूम नव्याने करायचंय : पैशांची वाटणी कशी करावी?

मोजपट्टी
नमस्कार मंडळी. घर जुनं आहे आणि बाथरूमला बांधल्यापासून कुणी हात लावलेला नाही. आतून ५ बाय ८ फूट, कमोड आणि आंघोळीची जागा एकत्रच. फरशीच्या दोन-तीन लाद्या पोकळ वाजतात, आणि पलीकडच्या खोलीत भिंतीला खालून गुडघ्याएवढी ओल चढली आहे, रंगाचे पोपडे पडतात. घरात आई आहे, वय पंच्याहत्तरच्या पुढे.

दोन ठेकेदारांकडून अंदाज घेतले. दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या जवळजवळ दीडपट! दोघांचे कागद शेजारी ठेवले तरी काहीच ताळमेळ लागत नाही, कारण एकाने सगळं चार ओळींत संपवलंय आणि दुसऱ्याने दोन पानं भरलीत. आमची रक्कम ठरलेली आहे, त्यासाठी कर्ज काढणार नाही.

मनात असलेल्या गोष्टी : भिंतीवर टांगलेला कमोड, छतातून पडणारा मोठा शॉवर, काचेचं पार्टिशन, नव्या टाइल्स, बेसिनखाली कपाट. यातलं काय राहील आणि काय गळेल ते पाहायची तयारी आहे. सुरुवात कुठून करू?

गुनिया
मोजपट्टी ताई, टाइल्सच्या दुकानात जाण्याआधी ती ओल कुठून येते ते शोधा. सगळं अंदाजपत्रक त्यावर उभं राहणार आहे.

घरातले सगळे नळ बंद करा, फ्लशच्या टाकीत पाणी भरू द्या आणि मग पाण्याचा मीटर बघा. काटा हलत असेल तर दाबाची लाइन, म्हणजे नळांना पाणी आणणारा पाइप, कुठेतरी गळतोय. मीटर नसेल तर रात्री टाकीची पातळी खुणेने नोंदवा आणि सकाळी पुन्हा बघा, मधे कुणी पाणी वापरायचं नाही. फ्लशच्या टाकीत थोडा रंग टाका. फ्लश न करता अर्ध्या तासात कमोडमध्ये रंग उतरला तर टाकीचा वॉशर गेलाय. तो किरकोळ खर्च आहे, ओलीशी त्याचा संबंध नाही.

मीटर स्थिर, आणि ओल आंघोळीनंतर वाढते, घर दोन-चार दिवस बंद राहिलं की कमी होते, असं असेल तर पाणी फरशीतून, जाळीच्या कडेने किंवा सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्यातून मुरतंय. मग वरवरची डागडुजी चालणार नाही, फरशी उखडावीच लागेल.

काठावरचा
वाचतोय. आमच्याकडेही हाच प्रसंग येऊ घातलाय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

उक्तेकाम
दोन अंदाजांत दीडपट फरक पडण्याचं कारण बहुतेक वेळा दर हे नसतं. दोघं दोन वेगवेगळ्या कामांचे आकडे देत असतात. म्हणून ठेकेदाराने त्याची यादी तुम्हाला द्यायच्या आधी तुम्ही तुमची यादी त्याला द्या. मी या व्यवसायात आहे, म्हणून मुद्दाम विस्ताराने लिहितो.

यादीत एकेक काम वेगळ्या ओळीत लिहा. शेजारी परिमाण लिहा. दराचा रकाना रिकामा ठेवा आणि तोच कागद सगळ्यांना द्या. फक्त "बाथरूम नवीन करणे" एवढं लिहून दर मागितलात तर प्रत्येकाच्या डोक्यातलं बाथरूम वेगळं असतं.

स्वस्त अंदाजात हमखास गायब असणाऱ्या ओळी अशा : जुन्या टाइल्स आणि त्यांच्या मागचा गिलावा तोडणं, राडारोडा पोत्यांत भरून खाली उतरवणं आणि इमारतीबाहेर नेणं, तोडल्यावर भिंत पुन्हा ओळंब्यात आणण्यासाठीचा नवा गिलावा, पाइपांसाठी भिंतीत झिऱ्या (खाचा) मारणं आणि त्या बुजवणं, दाराची चौकट आणि उंबरठा, जिना, लिफ्ट, बाहेरची फरशी झाकणं. ही कामं कागदावर नसली तरी करावी लागतातच. मधेच ठेकेदार "हे वेगळं पडेल" म्हणतो, तेव्हा बाथरूम उघडं पडलेलं असतं आणि घासाघीस करायची ताकद तुमच्यात उरलेली नसते.

आता मोजमाप. तुमची खोली ५ बाय ८, म्हणजे परिघ २६ फूट. टाइल्स ७ फुटांपर्यंत लावल्या तर १८२ चौरस फूट. अडीच बाय सातचं दार वजा केलं की १६४.५ उरतात. जमीन ४०. दोन्ही मिळून २०४.५, त्यावर कटाईत जाणारा माल १० टक्के धरला तर २२५ चौरस फूट. टाइल तिरकी लावायची असेल तर १० ऐवजी १५ टक्के. हा हिशेब स्वतः करून ठेवा, कारण मजुरीचं मोजमाप करताना काही जण दाराची जागा वजा करतच नाहीत. वजा करावी की नाही यावर दोन मतं आहेत (कडा कापायला मेहनत पडते हे खरंच), पण ते आधी ठरलं पाहिजे.

आणि हो, सगळी खोकी एकाच वेळी घ्या, प्रत्येक खोक्यावरचा बॅच आणि छटेचा क्रमांक जुळवा. नंतर चार टाइल्स कमी पडल्या म्हणून गेलात तर नाव तेच आणि रंग जरा वेगळा, असं होतं. काम झाल्यावर उरलेलं एखादं खोकं परत करू नका, माळ्यावर ठेवा.

मोजपट्टी
उक्तेकाम, केवढं सविस्तर लिहिलंत! मनापासून आभार. स्वस्तवाल्याच्या कागदात राडारोडा, गिलावा, चौकट यांपैकी एकही नाही. आणि "वॉटरप्रूफिंगसह" एवढा एकच शब्द.

गुनिया काका, मीटर हलत नाही. आणि सगळे बाहेरगावी होते तेव्हा ओल सुकली होती हे आईच्याही लक्षात आलं होतं. म्हणजे फरशी उखडायची?

गुनिया
उखडायची. आणि त्या "वॉटरप्रूफिंगसह" शब्दाची फोड करून लिहून घ्यायची, कारण सगळ्यात जास्त लपवाछपवी तिथेच होते.

लोकांचा समज असा की टाइल्स लावल्या म्हणजे पाणी अडलं. टाइल पाणी अडवते, पण सांध्यांतलं सिमेंटचं ग्राउट थोडं थोडं पाणी पितं. ते पाणी खाली अडवणारा थर वेगळा लागतो, आणि तो टाइल्सच्या खाली असतो, नंतर कुणाला दिसत नाही.

काम असं व्हायला हवं. स्लॅबपर्यंत सगळं खरवडून साफ. भेगा उघडून भरलेल्या. जाळी आणि पाइप स्लॅबमधून जिथे जातात तिथली कड न आकसणाऱ्या ग्राउटने बंद केलेली. निम्म्या गळत्या मी तिथेच पाहिल्यात. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तो काटकोन मसाल्याने गोल केलेला, कारण थर काटकोनातच फाटतो. मग वॉटरप्रूफिंगचा लेप किमान दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, मधे डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ सोडून. भिंतीवर सगळीकडे किमान फूटभर, आणि शॉवरच्या बाजूला शॉवरच्या उंचीपर्यंत. उंबरठ्याच्या खालूनही थर गेला पाहिजे. बरेच जण तिथेच थांबतात, आणि मग दाराबाहेरची फरशी ओली होते.

लेप वाळल्यावर जाळी बंद करून इंच-दोन इंच पाणी भरायचं, पातळीवर पेन्सिलने खूण करायची आणि निदान २४ तास, जमलं तर ४८ तास, ते तसंच ठेवायचं. खालच्या घरातलं छत आणि तुमची ती ओली भिंत दोन्ही तपासायची. ही चाचणी टाइल्स लावण्याआधी. करारात ही ओळ स्वतंत्र लिहा, आणि पैशांचा एक हप्ता तिच्याशी बांधा.

उतार १०० ला १ ते ८० ला १. तुमच्या आठ फुटांत तो एक ते सव्वा इंच होतो. म्हणजे जाळी कुठल्या कोपऱ्यात हे ठरल्याशिवाय दाराजवळची पातळी ठरत नाही, आणि बाथरूमची जमीन बाहेरच्यापेक्षा खालीच राहिली पाहिजे. टाइल्स लागल्यावर बादलीभर पाणी ओतून बघा. कुठे तळं साचलं तर त्याच दिवशी ती टाइल काढायला लावा, दुसऱ्या दिवशी निघत नाही.

साधंसुधं
इतकी तोडफोड खरंच लागते का? आमच्या नात्यात जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवल्या. राडारोडा नाही, धूळ नाही, आठवड्यात काम खतम. अजून उत्तम आहे.

गुनिया
जुनी टाइल घट्ट असेल, ओल नसेल, पाइप बदलायचे नसतील, तर खुशाल करावं. चांगला उपाय आहे तो. फक्त जमीन अर्धा इंच वर येते, दार खालून तासावं लागतं, आणि भिंतीतल्या नळांची तोंडं आत गेल्यामुळे जोडतुकडे लागतात.

पण इथे लाद्या पोकळ वाजतायत आणि भिंत भिजतेय. पोकळ लादीला नवी लादी चिकटवली तर दोन्ही मिळून पोकळच राहतात. ओल झाकून ती थांबत नाही.

साधंसुधं
बरोबर, पोकळ वाजतात हे वाचायचं राहिलं. माघार.

फाटकी छत्री
धाग्याचा मूळ प्रश्न पैशांच्या वाटणीचा आहे, त्यावर लिहितो.

"मजुरीला इतके टक्के, मालाला इतके टक्के" अशी कोष्टकं सगळीकडे सापडतात. त्यांच्या मागे लागू नका. एकाच मापाच्या दोन बाथरूममध्ये एकाला पाइप बदलायचे असतात, दुसऱ्याला नसतात, तिथेच टक्केवारी कोसळते. मी उलट्या बाजूने जातो.

हातातल्या रकमेतून आधी राखीव काढून बाजूला ठेवायची. बरंच नवं घर असेल तर १० टक्के पुरतात. तुमच्यासारखं जुनं आणि आधीच ओल असलेलं असेल तर मी २० धरेन. ही रक्कम "उरली तर काच लावू" या हिशेबाची नाही. भिंत उघडल्यावर जे सापडेल त्यासाठी ती आहे, आणि काहीतरी सापडतंच.

उरलेल्यातून टाइल्सच्या मागचं सगळं : तोडणं, पाइप, वायरिंग, गिलावा, वॉटरप्रूफिंग, टाइल्स लावायची मजुरी. इथे काटकसर करायची नाही. कारण साधं आहे. स्वस्त नळ पुढे कधीही अर्ध्या तासात बदलता येतो, पण भिंतीतला स्वस्त पाइप बदलायला पुन्हा हीच सगळी तोडफोड करावी लागते.

यानंतर जे उरेल त्यात दिसणाऱ्या वस्तू. कमोड, बेसिन, नळ, टाइल्सचा दर्जा, आरसा, कपाट. आता खरी गंमत : प्रत्येक वस्तूच्या पुढे दोन पर्याय लिहा, मनातला आणि चालेलसा. पहिल्यांदा सगळीकडे "चालेलसा" धरून बेरीज करा. ती बसत नसेल तर कामच आत्ता परवडत नाही, थांबा. बसत असेल तर उरलेल्या पैशांत एकेक वस्तू मनातल्या रकान्यात हलवत जा. बहुतेक लोक उलटं करतात. आधी मनातलं सगळं निवडतात आणि पैसे संपत आले की कात्री लागते ती वॉटरप्रूफिंगला, कारण तेच दिसत नाही.

उक्तेकाम
फाटकी छत्रीशी शंभर टक्के सहमत. एकच भर. भिंतीत जाणारा मिक्सर (गरम-गार पाणी मिसळणारा नळ) किंवा डायव्हर्टर (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा) यांचा जो भाग भिंतीत गाडला जातो तो दिसणाऱ्या वस्तूंत धरू नका. तो पाइपांसोबतच्या यादीत, म्हणजे काटकसर न करायच्या. त्याचे सुटे भाग दहा वर्षांनी मिळतील असाच घ्या.

वरचा मजला
मोठ्या शॉवरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. त्याला दाब लागतो. गच्चीवरच्या टाकीतून नुसत्या उंचीवर पाणी येत असेल तर दर १० मीटर उंचीला साधारण १ बार (बार हे दाबाचं माप) दाब मिळतो. टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरपासून ३ मीटर वर असेल तर ०.३ बार, आणि पाइपातल्या घर्षणात त्यातलाही थोडा जातो. बऱ्याच मोठ्या शॉवरांना १ बारच्या आसपास लागतो. तो नसेल तर ताटाएवढ्या शॉवरमधून थेंब थेंब गळतात आणि माणूस शेवटी बादलीच भरतो.

खोक्यावर किमान दाब लिहिलेला असतो, आधी तो वाचा. नाहीतर दाब वाढवणारा पंप घ्यावा लागेल. त्याची जागा, वायर, आवाज आणि खर्च हे सगळं आत्ताच यादीत यायला हवं.

मोजपट्टी
आमचा मजला वरून दुसरा. म्हणजे फार तर सहा-सात मीटर. हा शॉवर बाद समजू का?

वरचा मजला
बाद नको, लहान घ्या. कमी दाबावर चालणारे हातशॉवर चांगले मिळतात. आईंना तर सरकत्या दांडीवरचा हातशॉवरच जास्त सोयीचा, बसूनही वापरता येतो.

निर्मळ
मी वृद्धांच्या शुश्रूषेचं काम करते. त्या दृष्टीने थोडं लिहू का? यादीत आई फक्त पहिल्या परिच्छेदात दिसल्या, वस्तूंमध्ये कुठेच नाहीत.

आधाराच्या दांड्या नंतर कधीतरी बसवू असं म्हणू नका. दांडीवर पूर्ण माणसाचा भार येतो. पोकळ विटेत किंवा नुसत्या गिलाव्यात ठोकलेली दांडी ऐन वेळी हातात येते. टाइल्स लावण्याआधी त्या जागी भिंत भरीव करून घ्या आणि जागा मापाने लिहून ठेवा. दांडीची जाडी ३२ ते ३८ मिलिमीटर असली की मूठ नीट बसते, आडव्या दांडीची उंची जमिनीपासून ३३ ते ३६ इंच. एक कमोडच्या बाजूला, एक शॉवरच्या भिंतीवर. टॉवेल अडकवायची दांडी आधाराला चालत नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगावं लागतं, कारण घसरताना हात तिच्याचकडे जातो.

कमोडच्या बैठकीची उंची १७ ते १९ इंच. गुडघे दुखणाऱ्याला दोन इंचांनी फार फरक पडतो, पण आई बुटक्या असतील तर पाय लोंबकळता कामा नयेत, म्हणून दुकानात त्यांना बसवून बघा. लाजायचं कारण नाही.

दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. माणूस आत पडला आणि दार आतच उघडत असेल तर पडलेलं अंगच दाराला अडसर होतं. मी हे प्रत्यक्ष पाहिलंय. चौकट बदलणारच असाल तर याचा वेगळा खर्च फार येत नाही. कडीही बाहेरून उघडता येईल अशी.

जमिनीच्या टाइलवर आर १०, आर ११ असा घसरणरोधक दर्जा लिहिलेला असतो. भिंतीची चकचकीत टाइल जमिनीवर कधीही नको. फार खडबडीतही नको, साबणाचा मळ धरून बसते. जमिनीला लहान टाइल घेतली तर सांधे जास्त येतात, पायाला पकड मिळते आणि उतारही सहज काढता येतो. मोठ्या टाइलला जाळीकडे चारी बाजूंनी उतार द्यायचा तर ती कापावी लागते.

काचेचं पार्टिशन माझ्या मते तुमच्याकडे सध्या नको. पाच फुटांच्या रुंदीत आईंना धरून आंघोळ घालायची वेळ आली तर दुसरा माणूस उभा कुठे राहणार?

मोजपट्टी
निर्मळ ताई, पोटात खड्डा पडला वाचून, पण बरं केलंत. दाराचं तर डोक्यातही नव्हतं.

खटपटे
टांगलेल्या कमोडबद्दल. दिसतो सुरेख, खालून पुसायला सोपा. लोखंडी फ्रेम नीट बसवली तर भार घेण्याचा प्रश्न नाही, चांगल्या फ्रेमा ४०० किलोपर्यंतच्या असतात. प्रश्न दोन आहेत. तुमच्या जुन्या कमोडचा निचरा बहुधा जमिनीतून खाली जात असेल; टांगलेल्याचा भिंतीतून मागे जातो. म्हणजे मैलापाइप हलवायचा. दुसरं, फ्रेम झाकायला पुढे खोटी भिंत उभारली तर सहा-आठ इंच तिच्यातच जातात, मग जागा वाचल्याचं समाधान नुसतं नजरेचं.

एक नियम लक्षात ठेवा : कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत किमान १५ इंच, आणि समोर निदान २४ इंच मोकळे. जमिनीवर खडूने आखा, खुर्ची ठेवून बसून बघा. कमोड आहे त्याच जागी ठेवला तर अंदाजपत्रकातला मोठा आकडा वाचतो. मैलापाइप जितका लांब, तितका त्याचा एकूण उतार जास्त होतो आणि तितकी जमीन वर उचलावी लागते.

साधंसुधं
+१. बेसिन हलवणं सोपं, कमोड हलवणं महाग.

साधंसुधं
दुप्रकाटाआ (दुहेरी प्रतिसाद काढून टाकला आहे)

तारयंत्री
वायरिंग कुणीच काढलं नाही! नेहमी शेवटी आठवतं, आणि मग टाइल्सवरून पट्टी मारून वायर फिरते.

पाण्याच्या ठिकाणी ३० मिलिॲम्पिअरचं गळतीरोधक यंत्र (आरसीसीबी, विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं) हवंच. जुन्या घराच्या पेटीत ते असेलच असं नाही, बघून घ्या. ते बसवलं म्हणजे अर्थिंग नको असं नाही. अर्थिंगही तपासून घ्या. गिझरला पेटीपासून स्वतंत्र लाइन : २ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर जवळपास ९ ॲम्पिअर ओढतो, त्याला दिव्याच्या वायरीवर जोडू नका. बटण शॉवरच्या शिंतोड्यांपासून लांब, शक्यतो दाराबाहेर. आरशाजवळ एक दिवा. रात्री आईंसाठी पायाशी मंद दिवा, त्याची वायर आत्ता टाकली तर खर्च नगण्य.

हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याचा हिशेब : उंची ८ फूट धरली तर ५ × ८ × ८ म्हणजे ३२० घनफूट. तासाला निदान आठ वेळा हवा बदलली पाहिजे असं धरलं तर २५६० घनफूट, मिनिटाला साधारण ४३. पाइप लांब आणि वळणांचा असेल तर त्याहून मोठा घ्या. पण हवा बाहेर जायची तर आत येणारीही हवी, दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट राहू द्या. वॉटरप्रूफिंग कितीही चांगलं झालं तरी वाफ कोंडली की छताला बुरशी येणारच.

काठावरचा
एकच बाथरूम असताना काम चालू असेल तेव्हा राहायचं कसं? आणि किती दिवस?

उक्तेकाम
सगळं नव्याने करायचं तर तीन आठवडे धरा. माणसं रोज आली तरी त्यातले बरेच दिवस वाळण्याचेच असतात : गिलावा, लेप, पाण्याची चाचणी, टाइल्सचा चिकटा, ग्राउट. घाई करणारा नेमके हेच दिवस गिळतो.

सगळा माल घरात आल्याशिवाय पहिला हातोडा पडू देऊ नका. कमोड, जाळी, मिक्सरचा गाडायचा भाग, टाइल्स, सगळं. पाइपांची तोंडं वस्तूच्या मापावर ठरतात, नंतर येणाऱ्या वस्तूच्या चित्रावर नाही.

कमोडचं म्हणाल तर तोडताना तो शेवटी काढायचा आणि शक्य असेल तोवर संध्याकाळी तात्पुरता बसवून द्यायला सांगायचं. पण लेप आणि टाइल्सच्या दिवसांत ते होत नाही. तेवढे दिवस शेजारी, नातेवाईक किंवा भाड्याची खोली बघावी लागेल. वृद्ध माणूस घरात असेल तर मी सरळ त्यांना दुसरीकडे हलवायला सांगतो, आणि तो खर्च अंदाजपत्रकात लिहायला लावतो. तोही बाथरूमचाच खर्च आहे. खालच्यांना आणि इमारतीच्या व्यवस्थापनालाही आधी कळवा. पाइपासाठी खालच्या घरातून काम करावं लागणार असेल तर विशेषच.

फाटकी छत्री
हप्त्यांचं राहिलंच. तारखेवर पैसे देऊ नयेत, टप्प्यावर द्यावेत. थोडी उचल, तोडून पाइप टाकून दाबाची चाचणी झाली की एक, पाणी भरून ठेवायची चाचणी झाली की एक, टाइल्स लागल्या की एक. शेवटचे १० टक्के काम संपल्या दिवशी द्यायचे नाहीत. दोन-तीन आठवडे वापरून बघा, मग द्या. मधे काही बदल सुचला तर दोन ओळी लिहून आकडा टाकून दोघांनी होकार द्यायचा, निरोपातून दिला तरी चालेल. "होऊन जाईल हो" या वाक्यावर कुठलंही वाढीव काम सुरू करू नये.

मोजपट्टी
दोन दिवस बसून तुमच्या पद्धतीने बेरीज केली. २० टक्के आधी बाजूला. टांगलेला कमोड गेला, जमिनीवरचाच, आहे त्याच जागी, बैठक आईला बसवून ठरवणार. काच गेली, पडदा आला. छताचा शॉवर जाऊन दांडीवरचा हातशॉवर. दार सरकतं. दांड्यांच्या जागा भिंतीवर आखल्या. एवढं करून सगळीकडे "चालेलसा" धरल्यावर थोडी रक्कम उरतेय.

महागड्या ठेकेदाराला तीच यादी दिली तर त्याचा आकडा खाली आला (राडारोडा त्याने दोनदा धरला होता!), आणि स्वस्तवाल्याचा बराच वर गेला. आता फरक फार नाही.

प्रश्न : उरलेल्यात बेसिनखालचं कपाट घेऊ की इपॉक्सी ग्राउट?

गुनिया
इपॉक्सी, निदान जमिनीला आणि शॉवरच्या भिंतीला. पाणी पीत नाही, काळं पडत नाही. पण लावणाऱ्याला त्याची सवय हवी. टाइलवर सांडलेलं वेळेत पुसलं नाही तर पुढे निघता निघत नाही. आधी कुठे लावलंय ते बघून या. कपाट काय, पुढच्या वर्षीही बसतं.

आणि भिंती-जमिनीच्या कोपऱ्यात ग्राउट नको, तिथे बुरशीरोधक सिलिकॉन. दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, कडक ग्राउट तडकतं.

तारयंत्री
भिंती बुजवण्याआधी प्रत्येक बाजूचा फोटो घ्या, चौकटीत मोजपट्टी उभी-आडवी धरून. पाइप कुठे, वायर कुठे, जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. पुढे आरसा किंवा ते कपाट बसवायला ड्रिल मारणारा माणूस वेगळा असेल.

खटपटे
बाथरूमचं पाणी एकाच ठिकाणी बंद करता येईल असा व्हॉल्व्ह मागून घ्या, हात पोचेल अशा जागी. आणि तो वर्षातून दोनदा फिरवत जा, नाहीतर गरज पडेल तेव्हा जाम झालेला असतो.

मोजपट्टी
व्हॉल्व्ह यादीत टाकला. तो दाराबाहेर, वरच्या बाजूला घेतला तर चालेल का? आतल्या भिंतीवर दांड्यांमुळे जागा उरत नाहीये.

खटपटे
चालेल. फक्त इतका वर नको की स्टूल घ्यावं लागेल.